रान माजलंय, वाट कुठून काढू?

पत्र:
"वडिलांच्या मागे साधारण 5 एकर झाडीची जमीन आम्हा दोघा भावंडांच्या नावावर आली. 15-20 वर्षं आत कुणी गेलेलं नाही. फाटकातून दहा पावलं टाकली की झुडपं आणि वेलींची भिंतच लागते. जमीन मागे चढत जाते, मध्ये एक ओढा आडवा येतो आणि वर टेकाडावर सपाटी आहे. कुठेतरी जुनी विहीरही आहे, पण नेमकी कुठे ते कुणालाच आठवत नाही. मला सगळीकडे हिंडता येईल अशा वाटा हव्यात, शक्यतो झाडं न तोडता. भाऊ म्हणतो, जेसीबी लावू, दोन दिवसांत फाटकापासून टेकाडापर्यंत सरळ रस्ता होईल. ते मला पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाही. ब्रशकटर घेऊ की चेनसॉ? आणि सुरुवात कुठून करू?"

उत्तर:
सप्रेम नमस्कार.

जेसीबी तूर्त थांबवा. का, ते तुम्हीच पत्रात लिहिलंय: विहीर कुठे आहे ते कुणाला ठाऊक नाही. वापर बंद झालेल्या विहिरीचा कठडा हळूहळू ढासळतो, तोंडावर वेली पसरतात, त्यांवर पालापाचोळा साचतो आणि दोन पावलांवरूनही ती सपाट जमीनच वाटते. त्यावर माणसाचा पाय पडला तर तो थेट आत जाईल. काठाची माती आतून पोखरलेली असेल तर 7-8 टनांचं यंत्र जवळून गेलं तरी खचेल. म्हणून पहिलं काम विहीर शोधण्याचं. ती सापडेपर्यंत कुणीही घाईघाईने जाळीत घुसू नये, भावानेही नाही.

शोधताना दोघांनी मिळून जा. पुढच्या माणसाच्या हातात माणसाच्या उंचीहून मोठी, दणकट काठी हवी. पाऊल टाकण्याआधी समोरची जमीन काठीने ठोकायची, ठोका पोकळ आला किंवा काठी आत गेली की मागे फिरायचं. खुणा बऱ्याच असतात. कोरड्या दिवसांत एखादाच पट्टा हिरवागार दिसतो, घडवलेला दगड किंवा विटेचा तुकडा पायाशी येतो, सगळी जमीन उतरती असताना मध्येच एक सपाट चौथरा लागतो. जमीन पूर्वी कसणारी, तिथे गुरं चारणारी म्हातारी माणसं हयात असतील तर आधी त्यांना विचारा. त्यांना जागा अचूक सांगता आली नाही तरी विहिरीला कुठल्या बाजूने जायचे, हे बहुतेकांच्या लक्षात असतं. विहीर सापडली की काठापासून तीन-चार मीटर लांब चारही बाजूंनी कुंपण घाला आणि भक्कम झाकणाची सोय करा. डोकवायला किंवा गाळ बघायला कुणालाही आत उतरवू नका. जुन्या बंद विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो, विषारी वायू साचलेला असू शकतो आणि आत गेलेल्याला सावरायला वेळ मिळत नाही.

याच दिवसांत जमिनीची हद्द पक्की करून घ्या. झाडीत हद्दीचे दगड गाडले जातात आणि फांद्यांच्या छताखाली फोनवरचा नकाशा काही मीटर सहज चुकतो. त्याच्या भरवशावर कोयता चालवलात आणि शेजाऱ्याची झाडं गेली तर वाटेपेक्षा भांडण लांब चालेल. झाडं तोडायला आणि ओढ्याच्या काठाला हात लावायला पुष्कळ ठिकाणी परवानगी लागते. तेही आधी विचारून घ्या.

आता सरळ रस्त्याबद्दल. तुमच्या मनाला तो पटत नाही हे अगदी बरोबर आहे. उतारावरून सरळ वर नेलेली वाट पावसाच्या पाण्याला आयती चर मिळवून देते. पाणी उताराने खाली येताना वाटेत शिरलं की त्याला बाहेर पडायला जागाच उरत नाही. ते वेग घेतं, माती नेतं, मग खडे नेतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिथे घळ तयार होते. घळीतून चालणं अवघड झालं की माणसं कडेने चालतात, मग कडही झिजते. यंत्राने रुंद उघडलेली जमीन तर अजूनच लवकर जाते. तिला धरून ठेवणारी मुळं उपटलेली असतात आणि चाकांखाली दबलेली माती पाणी जिरू देत नाही. झाडांची बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडेही पसरतात. जेसीबीच्या खोदायच्या बादलीचा दात बुंध्याला लागला नाही म्हणून झाड वाचलं, असं समजू नका. मुळं तुटलेलं झाड काही वर्षांनी शेंड्याकडून वाळत येतं.

टिकणारी वाट उताराला तिरकी चालते. वाटेचा चढ बाजूच्या उताराच्या निम्म्याहून कमी असावा, हा वाटा बांधणाऱ्यांचा जुना नियम आहे. टेकाडाची बाजू 30 टक्के उताराची असेल, म्हणजे 10 मीटरला 3 मीटर, तर वाट 15 टक्क्यांपेक्षा उभी नको. तेवढीही थोड्या अंतरापुरतीच. एकूण सरासरी 10 टक्क्यांच्या आसपास राहिली तर चालणाऱ्यालाही दम लागत नाही आणि मातीही जागेवर राहते. या नियमाचा दुसरा अर्थ सहसा लक्षात येत नाही: जमीन जवळजवळ सपाट असेल तर वाटही जवळजवळ सपाटच हवी. 8 टक्के उतारावर 6 टक्क्यांची वाट सौम्य वाटते, पण पाणी तिच्यातूनच वाहणार.

उतार मोजायला महागडं काही लागत नाही. दोन काठ्या वर जोडून, मध्ये आडवी पट्टी ठोकून आणि ओळंबा सोडून चौकट करा. नाहीतर फोनमधलं उतार दाखवणारं ॲप लांब सरळ काठीवर ठेवून वापरा. फोन अंश दाखवत असेल तर ध्यानात ठेवा की 10 टक्के म्हणजे सुमारे 6 अंश. 10 अंश म्हणजे जवळपास 18 टक्के होतात, आणि या गोंधळात वाटा फार उभ्या काढल्या जातात.

आता प्रत्यक्ष सुरुवात. कागदावर दोन प्रकारच्या जागा लिहा: जिथे जायचंच आहे आणि जिथे अजिबात जायचं नाही. पहिल्यात ओढा ओलांडायची जागा, टेकाडावरची सपाटी, एखादं मोठं देखणं झाड. दुसऱ्यात विहीर, दलदल, ढासळणारा काठ, पोकळ झालेली जुनी झाडं. मग एका जागेपासून दुसरीपर्यंत तिरक्या उताराने जाणारी रेषा शोधायची. शोधण्यापुरती वाट मोकळी करताना फक्त अंग आत जाईल एवढंच छाटा, फांद्या बाजूला सारून जमत असेल तर छाटूही नका. गुरांच्या, जनावरांच्या वाटा दिसल्या तर त्यांच्यामागून जाऊन बघा. जाळीतून पलीकडे निघायची जागा त्यांना नेमकी माहीत असते. मात्र चढावर त्या फार उभ्या असतात, तिथे त्यांचं ऐकू नका. झाडीत कुठे लांबवर सपाट, बाकासारखी कड गेलेली दिसली तर ती बहुधा जुनी गाडीवाट असेल. ती सापडणं म्हणजे अर्धं काम झालं.

रेषेवर डोळ्यांच्या उंचीला रंगीत फिती बांधत चला. एका फितीपाशी उभं राहिल्यावर पुढची दिसली पाहिजे. मग ती रेषा दोन्ही दिशांनी चाला. चढताना बरी वाटलेली जागा उतरताना घसरगुंडी निघते, वळण चुकल्याचं परत येतानाच कळतं. फिती हलवा, जुन्या काढून टाका, पुन्हा चाला. जमलं तर एका जोरदार पावसात छत्री घेऊन आत जा आणि पाणी कुठून वाहतं, कुठे साचतं ते बघा. त्या एका तासात जे दिसतं ते कोरड्या दिवसांत महिनाभर हिंडून दिसत नाही. फितींचं हे काम मला सगळ्या कामाचा गाभा वाटतं. फीत हलवायला काही लागत नाही, तोडलेलं झाड आणि खोदलेली माती मात्र परत लावता येत नाही.

हत्यारांचं म्हणाल तर पहिले काही आठवडे कोयता, घडीची करवत आणि लांब दांड्याची छाटणीची कात्री एवढं पुरे. अंगठ्याएवढ्या जाडीची खोडं कात्रीने शांतपणे आणि जमिनीलगत कापता येतात. ब्रशकटर नंतर घ्या, रेषा ठरल्यावर. त्याची नायलॉन दोरी फक्त गवताला चालते. झुडपांना धातूचं पातं लागतं आणि ते पातं दगडावर किंवा खोडावर आपटलं की यंत्र झटक्याने बाजूला फेकलं जातं. इतक्या वर्षांच्या रानात जुन्या कुंपणाची तार गवतात लपलेली असणारच, म्हणून आधी काठीने आणि हाताने पाहणी करा. ब्रशकटर चालू असताना 15 मीटरच्या आत दुसरं कुणी नको. चेहऱ्यावर जाळी, डोळ्यांवर चष्मा, कानांवर संरक्षण आणि पायात जाड बूट हवेतच. गरम इंजिनात पेट्रोल ओतायचं नाही. कोरड्या गवताच्या दिवसांत तर यंत्र थंड होऊ द्या, मोकळ्या जमिनीवर पेट्रोल भरा आणि तिथून काही पावलं दूर जाऊन मगच सुरू करा.

चेनसॉ घेऊ नका. वाटेसाठी मोठी झाडं तोडावी लागत असतील तर फिती चुकल्या आहेत असं समजा. आडवं पडलेलं एखादं मोठं खोड वळसा घालून टाळता आलं नाही, तर ते कापायला सरावाचा माणूस बोलवा. पडलेलं खोड शांत दिसलं तरी ते कुठे टेकलंय, कुठे वाकलंय त्यानुसार त्यात ताण भरलेला असतो. कापताना ते करवत पकडून ठेवतं किंवा उसळतं. खोडाखाली वाकून दबलेलं कोवळं झाड सोडवताना तोंडावर फटका बसून माणसं जबर जखमी होतात. चेनसॉच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग कुठे टेकला तर सगळं यंत्र उलटं, चालवणाऱ्याच्या अंगावर येतं. नवख्या माणसाने, त्यातही एकट्याने, दाट रानात शिकण्याची ही गोष्ट नाही.

छाटताना माझा एक आग्रह आहे आणि तो तुम्ही मजुरांनाही बजावून सांगा. कोयत्याचा तिरका घाव घालून वीतभर उंच, टोकदार खुंट मागे ठेवायचा नाही. घाईत सगळे असंच कापतात, कारण वाकावं लागत नाही. पण असा खुंट भाल्यासारखा उभा राहतो. त्यावर पाय पडला तर तो बुटाच्या तळातून आत जातो आणि कुणी घसरून पडलं तर त्याहून वाईट होतं. पाचोळ्याने झाकल्यावर तो दिसतही नाही. वाटेच्या कडेची खोडं आडवा काप घेऊन जमिनीलगत सपाट करा. वाट जिथून जाणार तिथल्या रोपांचं वेगळं. त्यांचं कंबरेएवढ्या उंचीचं खोड मुद्दाम ठेवा, भोवतीची माती कुदळीने सैल करा आणि त्या खोडाचाच दांडा धरून मुळासकट काढा. खालून कापलेल्या झुडपाला त्याच जागी दसपट धुमारे फुटतात. घाणेरीसारखं झुडूप असेल तर जमिनीखाली दोन-तीन बोटं मूळ तोडून उलटं टाकावं लागतं, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तेच पुन्हा समोर उभं.

झाडांवर चढलेल्या जाड वेली कापा, पण ओढू नका. बुंध्यापाशी आणि छातीच्या उंचीला असे दोन काप घेऊन मधला तुकडा काढून टाकायचा. वरचा भाग तिथेच वाळू द्यायचा. ओढलेल्या वेलीबरोबर वरची वाळकी फांदी डोक्यावर येते. वाटेवर आलेल्या जिवंत फांद्या बुंध्याशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून कापा, कडं शाबूत ठेवलं तर झाड जखम स्वतः भरून काढतं. जड फांदीला आधी थोड्या अंतरावर खालून अर्धवट काप, मग त्याच्या जरा पुढे वरून काप, आणि शेवटी उरलेला थोटका काढायचा. असं केलं की फांदी तुटताना खोडाची साल सोलून नेत नाही.

किती रुंद? चालायला दोन-अडीच फूट सपाट जागा पुरते. दोन्ही बाजूंचं धरून चार-पाच फूट मोकळं असावं आणि उंची आठ फूट, कारण पावसाने भिजलेल्या फांद्या चांगल्याच खाली झुकतात. याहून रुंद करण्याचा मोह आवरा. वरचं छत उघडलं की ऊन जमिनीवर पोचतं आणि ज्या रानाला तुम्ही कंटाळलात तेच दुप्पट जोमाने वाटेवर येतं. सावली टिकली की निम्मी निगा आपोआप होते.

बाजूचा उतार कमी असेल तिथे खोदायची गरजच नाही, छाटलं की वाट झाली. उतार जास्त असेल तिथे सगळी रुंदी डोंगराच्या बाजूने आत खोदून घ्या. खोदलेली माती खालच्या कडेला टाकून तिच्यावर अर्धी वाट करू नका, ती भरावाची कड पहिल्याच पावसाळ्यात बसते. वाट बाहेरच्या अंगाला किंचित कलती ठेवायची. दोन फूट रुंदीला साधारण एक इंच उतार पुरे, म्हणजे पाणी आडवं वाहून निघून जातं. बाहेरच्या कडेला मातीचा बांध उरला तर तो मोडून टाका, नाहीतर पाणी त्याच्या आत कोंडून वाटेवरून धावेल. दर 15-20 मीटरला वाट थोडी खाली उतरून पुन्हा चढेल असं करा. चालणाऱ्याला हे जाणवतही नाही, पण पाण्याला प्रत्येक खोलगटातून बाहेर पडायला दार मिळतं.

छाटलेल्या फांद्या ओढ्यात टाकू नका, पाणी तुंबून काठ फोडतं. कडेला ढीग लावून पेटवूही नका. वाटेपासून लांब, उताराच्या बाजूला जमिनीला टेकवून पसरा, म्हणजे वाहणारी माती त्यांत अडते आणि दोन-तीन वर्षांत त्यांचंही खत होतं.

कामावर जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. कुणी किती वाजता परत येणार हे घरी सांगून ठेवा. दाट झुडपावर घाव घालण्याआधी मिनिटभर थांबून बघा आणि ऐका. गांधीलमाश्यांची ये-जा एकाच जागी दिसली तर ते झुडूप सोडा आणि फिती दुसरीकडे न्या. घरट्यात अंडी-पिल्लं दिसली तर तो तुकडा काही आठवडे पुढे ढकला. तेवढ्याने काही बिघडत नाही.

भावाशी मात्र भांडू नका. त्यांच्या म्हणण्यातला एक भाग रास्त आहे. आग लागली, कुणी जखमी झालं, सामान आत न्यायचं झालं, तर गाडी थोडी तरी आत गेली पाहिजे. फाटकापासून पहिल्या सपाट जागेपर्यंत तीन मीटर रुंद रस्ता आणि तिथे गाडी वळवायला जागा, एवढं यंत्राने करून घ्यायला माझी हरकत नाही. विहीर सापडलेली हवी, रेषेवर फिती हव्यात, माती सुकी हवी आणि काम चालू असताना तुमच्यापैकी एकाने तिथे उभं राहायला हवं. फितींच्या बाहेर एक झाडही जाणार नाही, हे कंत्राटदाराशी आधी बोलून लिहून घ्या. रेषा शोधायला भावालाच बरोबर न्या. ओळंबा घेऊन एक दिवस उतार मोजला की सरळ रस्त्याचा हट्ट बहुतेक स्वतःच सुटतो.

पहिली वाट ओढ्यापर्यंतच करा, टेकाड नंतर. ओढा ओलांडायला पात्र अरुंद, काठ टणक आणि प्रवाह सरळ असेल अशी जागा निवडा आणि काटकोनात ओलांडा. दोन्ही काठांवर वाट पाण्याकडे उतरून पलीकडे चढली पाहिजे. तसं नसेल तर पुरात ओढाच वाटेने चालू लागतो. जागा नक्की झाली की पात्राची रुंदी, काठाची उंची आणि मोठ्या पावसात पाणी कुठवर चढतं ते मोजून मला लिहा. नुसते पायदगड पुरतील की छोटा साकव घालावा लागेल, ते त्यावरून सांगता येईल.